बारा मुलांची टक्केवारी : म्हैसूरच्या जंगलकाठच्या शाळांचे मोजमाप कसे करावे?

म्हैसूर : कर्नाटकात दहावीच्या निकालाची टक्केवारी गेल्या काही वर्षांत झपाट्याने खाली-वर झाली आहे. २०२३ मध्ये ती ८३.८९ होती, २०२४ मध्ये ७३.४० झाली आणि २०२५ च्या पहिल्या परीक्षेत ६२.३४ वर आली. यावरून राज्यातील मुलांचे शिक्षण दोन वर्षांत एवढे ढासळले असा निष्कर्ष काढता येत नाही. २०२४ मध्ये परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंगद्वारे देखरेख सुरू झाली. निकाल कोसळू लागताच वाढीव गुणांची मर्यादा १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आली. पुढील वर्षी ती सवलत नव्हती. म्हणजे मोजपट्टीच दोनदा बदलली.

लाखो परीक्षार्थींच्या निकालाची ही गत असेल, तर हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील एखाद्या लहान शाळेच्या निकालाचे काय? समजा, तिथे दहावीच्या वर्गात १२ मुले आहेत. एका वर्षी ११ उत्तीर्ण झाली, तर निकाल ९१.६७ टक्के. पुढील वर्षी ९ उत्तीर्ण झाली, तर ७५ टक्के. कागदावर जवळपास १७ गुणांकांची घसरण दिसते, प्रत्यक्षात फरक दोन मुलांचा असतो. त्यातील एक आजारी पडलेली आणि दुसरे आईवडिलांसोबत कामावर गेलेले असू शकते.

म्हैसूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरील हा तालुका बंदीपूर आणि नागरहोळे या अभयारण्यांच्या मधोमध आहे. जेनू कुरुब, काडू कुरुब, येरव आणि सोलिग या समाजांच्या वस्त्यांना येथे ‘हाडी’ म्हणतात. व्याघ्र प्रकल्प आणि १९७४ मध्ये पूर्ण झालेले कबिनी धरण यांमुळे यातील अनेक कुटुंबे जंगलातून बाहेर आली. जेनू कुरुब हा केंद्राच्या यादीतील विशेष असुरक्षित आदिवासी गट आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे त्याच यादीत आहेत.

म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी असताना आर. बालसुब्रमण्यम यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंटने १९८८ मध्ये याच तालुक्यातील ब्रह्मगिरी येथे आदिवासी मुलांसाठी शाळा सुरू केली. पहिले वर्ग गोठ्यात भरले. पुढे होसहळ्ळी येथे तिची निवासी शाळा झाली. संस्थेने शाळा चालवायची आणि उत्तरदायित्व समाजाला द्यायचे, हा प्रकार परदेशी कल्पनेतून आलेला नाही. अमेरिकेत ‘चार्टर स्कूल’चा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला, सरकारी पैसा आणि खासगी व्यवस्थापन ही त्याची चौकट आपल्याकडील अनुदानित शाळांना फारशी अपरिचित नाही. महाराष्ट्रातील अनुदानित आश्रमशाळा त्याच धाटणीच्या आहेत. फरक एवढाच, की चार्टर शाळा ठरावीक मुदतीच्या कराराने चालते आणि निकाल समाधानकारक नसल्यास तो करार रद्द होऊ शकतो. आपल्याकडे शाळेचे भवितव्य निकालापेक्षा पटसंख्येवर ठरते.

पटसंख्येचा आकडाही तेवढाच फसवा आहे. ‘यूडायस’साठी विद्यार्थ्यांची नोंद परंपरेने ३० सप्टेंबर या संदर्भ तारखेची घेतली जाते. हाडीतील अनेक कुटुंबे हिवाळ्यात कोडगूमधील कॉफीच्या मळ्यांत तोडणीला जातात, तीही मुलाबाळांसह. सप्टेंबरमध्ये हजेरीपटावर असलेले मूल जानेवारीत वर्गात नसते आणि मार्चमध्ये परीक्षेला बसते किंवा बसत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांचे हेच होते. म्हणून तिथे हंगामी वसतिगृहांची सोय करावी लागली. होसहळ्ळीसारख्या निवासी शाळेचे महत्त्व यातच आहे : मूल गावी राहते, पालक मळ्यावर जातात.

भाषेचा अडसर वेगळा. जेनू कुरुब मुलांची घरची बोली कन्नडला जवळची असली तरी पाठ्यपुस्तकाची कन्नड नव्हे. पहिलीतल्या मुलाला अक्षर आणि भाषा दोन्ही एकाच वेळी शिकावी लागतात. सरकारी निकषात या दोन वर्षांच्या मेहनतीला कुठेच रकाना नाही.

देशपातळीवर लहान शाळांचा प्रश्न मोठा आहे. २०२४-२५ च्या यूडायस अहवालानुसार १,०४,१२५ शाळांत एकच शिक्षक आहे आणि त्यांत ३३ लाखांहून अधिक मुले शिकतात. महाराष्ट्रात अशा शाळा ८,१५२, तर कर्नाटकात ७,३४९ आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० पर्यंत मुलांच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षकांची तरतूद आहे, हे येथे आठवते. एकाच शिक्षकाने चार-पाच इयत्ता सांभाळायच्या आणि मग निकाल कमी लागला म्हणून पालकांनी मूल काढून घ्यायचे, असे हे चक्र चालते. ‘असर’च्या पाहणीत ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळांतील ग्रामीण मुलांचे प्रमाण २०२२ मधील ७२.९ टक्क्यांवरून २०२४ मध्ये ६६.८ टक्क्यांवर आले. विशेष म्हणजे याच काळात सरकारी शाळांतील तिसरीच्या, दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण १६.३ वरून २३.४ टक्के झाले. वाचन सुधारले आणि पट घटला, दोन्ही एकाच वेळी.

या पार्श्वभूमीवर कर्नाटक सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ५०० नव्या कर्नाटक पब्लिक स्कूलची घोषणा केली. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय मिळू शकते, हा युक्तिवाद खोटा नाही. विद्यार्थी संघटनांचा आक्षेप असा, की आसपासच्या लहान शाळा त्यांत विलीन होतील. सरकारने शाळा बंद करण्याचा हेतू नाकारला आहे. महाराष्ट्रातही २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांचा प्रश्न पुढे आल्यावर पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचे दाखले दिले गेले होते. मात्र कायद्याच्या आदर्श नियमांनी प्राथमिक शाळेसाठी एक किलोमीटरचे अंतर धरले आहे, आणि हत्तींचा वावर असलेल्या रस्त्यावर पहिलीच्या मुलाने त्याहून लांब जाणे म्हणजे नुसता अंतराचा प्रश्न राहत नाही. बस असेल तर तो सुटतो. ती मान्सूनमध्येही वेळेवर येते का, हे पाहावे लागेल.

लहान शाळेचे मोजमाप करायचे झाल्यास पहिलीत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचा दहा वर्षे माग काढणे हा एक मार्ग आहे. बारा जणांच्या तुकडीत तो एका वहीत मावतो. कॉफीच्या हंगामातील हजेरी आणि शाळा सोडल्याचे कारण त्या वहीत आले, तर ७५ आणि ९१ मधला फरक कुठून आला ते तालुका कार्यालयालाही कळेल. आज राज्यभरातून मागवले जाणारे आकडे मात्र सप्टेंबरमधील पट आणि एप्रिल-मे मधील निकाल एवढेच आहेत, आणि पब्लिक स्कूलच्या जागा ठरवतानाही तेच समोर असतील.