न पटलं तर नाही म्हणा, शिवी देऊ नका



समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला कायद्याची मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी नकार दिला. पुनर्विचाराच्या याचिकाही 9 जानेवारी 2025 रोजी फेटाळल्या गेल्या. कायदा करायचा की नाही, हे संसदेने ठरवावं, असं न्यायालयाने सांगितलं. संसद आपण निवडून देतो, म्हणजे हा प्रश्न आता तुमच्या-माझ्या दारात आला आहे. आणि त्याच्यावर आपण ज्या भाषेत बोलतो आहोत, ती आपल्याला शोभणारी नाही.

माझं मत आधीच सांगतो. अशा जोडप्यांना विवाहाचा कायदेशीर हक्क मिळालाच पाहिजे, असं मला ठाम वाटतं. पण ज्यांना तसं वाटत नाही, त्यांच्या शेजारीच मला राहायचं आहे. त्यांच्या घरच्या कार्याला जायचं आहे, वेळ आली तर खांदाही द्यायचा आहे. म्हणून हे पत्रक दोन्ही बाजूंच्या हाती देतो आहे.

पहिली गोष्ट, मागणी नेमकी काय होती ती समजून घ्या. निम्मी भांडणं न झालेल्या मागणीवरून चालली आहेत. याचिकाकर्त्यांचा मुख्य भर 1954 च्या विशेष विवाह कायद्यावर होता. निबंधकासमोर सह्या करायच्या, तीन साक्षीदार आणायचे, नोंद करायची, असा हा कायदा. त्यात ना भटजी लागतो, ना काझी, ना पाद्री. धर्माधर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांत आम्ही शिरणार नाही, असं घटनापीठाने 18 एप्रिल 2023 रोजी, सुनावणीच्या पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं. तरीही ‘उद्या आमच्या देवळात यांची लग्नं लावावी लागतील’ ही भीती गावोगाव पसरवली गेली. अशी सक्ती कोणी मागितलेली नव्हती. इंग्लंडने 2013 मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा केला, तेव्हा कोणत्याही धर्मसंस्थेवर असे विवाह लावण्याची सक्ती होणार नाही, हे त्या कायद्यातच लिहून ठेवलं. आपल्याकडे कायदा झाला तर त्यातही हे कलम स्पष्ट शब्दांत असावं, असं मी समर्थक असूनही म्हणतो. सप्तपदी कोणासाठी, निकाह कोणाचा, चर्चमधला संस्कार कोणाला, हे त्या त्या धर्माच्या लोकांनी आपसांत ठरवावं. सरकारचं त्यात काम नाही.

संस्कार वेगळा आणि नोंद वेगळी, ही कल्पना आपल्याला परकी नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून लग्नाची नागरी नोंद आहे. हिंदू असो वा मुसलमान, घरी विधी होतात आणि सह्या सरकारी दप्तरात होतात. खुद्द विशेष विवाह कायद्याचा पूर्वज 1872 चा. त्याखाली लग्न करायचं तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याच धर्माचे नाही, असं लिहून द्यावं लागे. 1954 च्या कायद्याने ती अट पूर्णपणे काढली आणि आपापला धर्म न सोडता नागरी पद्धतीने लग्न करण्याची मोकळीक दिली. धर्म बुडाला नाही.

आता ज्यांचा विरोध आहे, त्यांच्याविषयी. ‘आमच्या धर्मात विवाह हा स्त्री-पुरुषाचाच संस्कार आहे’ असं म्हणणारा माणूस दुष्ट नाही. तो त्याच्या श्रद्धेने बोलतो आहे आणि तसं बोलण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. ‘इतका मोठा बदल संसदेत चर्चा होऊनच व्हावा’ हेही म्हणणं रास्त आहे, पाचही न्यायमूर्तींनी शेवटी तीच वाट दाखवली. हे मुद्दे मांडा. जोरात मांडा. त्यांना उत्तर द्यायला आम्ही आहोत.

पण ‘हा रोग आहे’ हा मुद्दा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही तो आजार नसल्याचं 2018 मध्ये जाहीर केलं. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असा ‘इलाज’ करणाऱ्या डॉक्टरचं वर्तन व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. इतकं सगळं झाल्यावरही जो कोणी एखाद्या मुलाच्या आईवडिलांना ‘चांगल्या डॉक्टरला दाखवा’ असा सल्ला देतो, तो धर्माचं रक्षण करत नाही. तो त्या मुलाला छळाच्या हवाली करतो.

‘ही शहरातल्या श्रीमंतांची थेरं आहेत’ हाही मुद्दा नव्हे. केंद्र सरकारने न्यायालयात जवळपास असंच लिहून दिलं होतं. माझी विनंती आहे, रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट पाहा. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला तरुण, तिथला त्याचा जुना सोबती, शेत आणि नातेवाईक, असं त्याचं जग आहे. जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला मोठा पुरस्कार मिळाला. ती माणसं आपल्याच गावांतली आहेत, आपलीच भाषा बोलतात.

आणि आकडे हवेतून काढू नका. एप्रिल 2023 मध्ये, सुनावणी चालू असतानाच, भारतीय विधिज्ञ परिषदेने ठराव करून टाकला की देशातल्या 99.9 टक्क्यांहून अधिक लोकांचा या विवाहांना विरोध आहे. वकिलांची शिखर संस्था पुराव्याशिवाय बोलते, याचं मला फार वाईट वाटलं. त्याच वर्षी प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत 53 टक्के भारतीय प्रौढांनी कायदेशीर मान्यतेच्या बाजूने कौल दिला. पाहणी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, मान्य. पण शंभरातले जवळजवळ शंभर जण आपल्या पाठीशी आहेत, असं म्हणून समोरच्याचं तोंड बंद करणं ही दडपशाही आहे.

समजा, शंभरातले शंभर खरंच विरोधात असते, तरी काय? धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी, गोदूबाईंशी, लग्न केलं. मुरुडच्या, म्हणजे त्यांच्याच गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. बहिष्कार घालणारे गावगुंड नव्हते. स्नानसंध्या करणारी, शास्त्राला भिणारी, आपण धर्मच पाळतो आहोत अशी मनोमन खात्री असलेली माणसं होती ती. त्यांच्या श्रद्धेविषयी मी वाईट बोलणार नाही. ‘हा विवाह आम्हाला मान्य नाही’ असं ते म्हणाले असते आणि तिथेच थांबले असते, तर तो मतभेद राहिला असता. त्यांनी माणूस तोडला.

त्याच कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत. वाचक लैंगिक प्रश्न विचारत, रघुनाथराव उत्तरं देत. अशाच काही उत्तरांवरून, आणि त्यांत समलिंगी संबंधांचाही विषय होता, 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचं वकीलपत्र घेऊन उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, रघुनाथरावांना दंड झाला. पण एवढ्या जुन्या काळात, समाजाच्या रोषाची पर्वा न करता, ‘लोकांना प्रश्न आहेत तर उत्तर मिळालं पाहिजे’ या बाजूने बाबासाहेब न्यायालयात उभे राहिले, हे आज त्यांच्या नावाने घोषणा देणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावं. आणि मुंबईत डिसेंबर 1998 मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ चित्रपटाच्या निमित्ताने थिएटरांची तोडफोड झाली, हेही लक्षात घ्यावं.

मागे एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत या विषयावर भाषण होतं. प्रश्नोत्तरांच्या वेळी पंचविशीतला एक मुलगा उठला. हातातला माइक थरथरत होता. ‘मी यांच्यातलाच आहे’ एवढंच तो बोलला आणि मागच्या रांगेतून एक घाणेरडा शब्द आला. दोघेतिघे हसले. तेव्हा पुढच्या खुर्चीवरचे एक आजोबा उठून उभे राहिले. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का. मागे वळून म्हणाले, ‘बोलू द्या त्याला. मला यातलं काही पटत नाही. पण पोरगं उभं राहिलंय, त्याचं ऐकून घ्या.’ सभागृह शांत झालं. मुलगा पाच मिनिटं बोलला. नंतर चहाच्या वेळी आमच्याच बाजूचा एक जण त्या आजोबांच्या माळेकडे पाहून म्हणाला, ‘असल्यांमुळेच देश मागे राहिला.’ आजोबांनी ते ऐकलं. कप खाली ठेवून ते निघून गेले.

आमच्या बाजूच्या लोकांना मला हे सांगायचं आहे. त्या संध्याकाळी मुलासाठी उभा राहिलेला एकच माणूस आपण अपमान करून घालवला. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 च्या, 2013 मध्ये निकाल लागलेल्या खटल्यात वेगवेगळ्या धर्मांच्या संघटना एका बाजूला उभ्या राहिल्या, त्याची जखम खोल आहे, मला कळतं. पण म्हणून नाम घेणारा, नमाज पढणारा, मिस्साला जाणारा प्रत्येक जण शत्रू नव्हे. समलिंगी मुलंमुली काय श्रद्धाहीन घरांतच जन्मतात? ती वारीला जातात, रोजे ठेवतात, घरच्या गणपतीची आरास करतात. तुम्ही त्यांच्या आईच्या देव्हाऱ्याची टिंगल करता, तेव्हा पहिला वार त्यांच्यावरच पडतो. आणि कोणी नुसता विरोध नोंदवला म्हणून त्याची नोकरी घालवा, त्याच्या घरासमोर जमा व्हा, असं म्हणणाऱ्यांनी आपण मुरुडच्याच वाटेवर आहोत हे ओळखावं.

तरीही दोन्ही बाजूंना सारखंच तोलणं मला जमणार नाही. वाद संपल्यावर विरोधक घरी जातो, जेवतो, झोपतो. समोरच्याला कधीकधी घरच उरत नाही. वीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला तो अतिदक्षता विभागात असताना कागदावर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात काय लिहायचं, हा त्याचा प्रश्न असतो. तो माणूस कधी चिडून बोलला तर त्याला सभ्यतेचे धडे देऊ नका. सभ्यता जास्त पाळायची ती ज्याच्या हातात घराची किल्ली आहे त्याने. कागदावरच्या अशा अडचणींतली एखाददुसरी दूरही झाली आहे. केंद्र सरकारने 2024 मध्ये समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला आडकाठी नसल्याचं स्पष्ट केलं. शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातले धरा, असंही राज्यांना कळवलं. रेशनकार्डावर दोन नावं आली म्हणून कुठल्या देवळाचा, मशिदीचा पाया खचला? एवढ्यावर तरी विरोधकांनी आमच्याबरोबर यावं, ही माझी जाहीर विनंती आहे.

जातपंचायतीच्या आणि समाजाच्या पुढाऱ्यांनाही एक आठवण. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा 2017 पासून लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. लेकाने किंवा लेकीने असा जोडीदार निवडला म्हणून एखाद्या घराचं पाणी, पंगत, देवदर्शन तोडायला निघाल, तर आम्ही तुमच्याविरुद्ध फिर्याद देऊ.

बाकी सगळा वाद खुला आहे. आपल्या खासदाराला पत्र लिहा. कायदा हवा असेल तर हवा म्हणून लिहा, नको असेल तर का नको ते लिहा, खाली आपलं नाव आणि पत्ता घाला. आपल्या वाचनालयात, मंडळात, पॅरिशमध्ये, मोहल्ल्यात या विषयावर सभा ठेवा. दोन्ही बाजूंचे वक्ते बोलवा आणि ज्यांच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे, त्यांच्यापैकी निदान एकाला बोलायला पुरेसा वेळ द्या. विरोधी बाजूने कोणी बोलावलं तर मी स्वतः यायला तयार आहे.