‘इको’ पाट्या पुरेत, पडताळलेली पाने दाखवा



उन्हाळी सुट्टी लागली की कोकणातल्या कचऱ्याची आणि आटलेल्या विहिरींची चर्चा होते आणि सगळा दोष पर्यटकांच्या बेफिकिरीला दिला जातो. हे निदान अपुरे आहे. कुटुंबासाठी खोली शोधणारा माणूस भाडे, स्वच्छता, किनाऱ्यापासूनचे अंतर आणि आधी राहून गेलेल्यांचे अभिप्राय पाहतो. तिथला मैला आणि सांडपाणी कुठे जाते, हे त्याला कुणी सांगतच नाही. मग त्या निकषावर त्याने निवड करायची कशी?

जे सांगितले जाते त्यावर विश्वास बसत नाही. ‘इको’ हा शब्द कुणीही पाटीवर रंगवू शकतो. ‘बुकिंग डॉट कॉम’नेही शाश्वत निवासांना दिलेली आपली खूण २०२४ मध्ये मागे घेतली. ती ग्राहकांची दिशाभूल करू शकते, असा आक्षेप नेदरलँड्समधील ग्राहक नियामकाने घेतला होता.

लोकांना पर्वा नसते, हेही खरे नाही. अमेरिकेतील एका हॉटेलात झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘पर्यावरण वाचवा’ असे लिहिल्यावर सुमारे ३७ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले. ‘या खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी ते पुन्हा वापरले’ असे लिहिल्यावर हे प्रमाण ४९ टक्क्यांवर गेले. उपदेशापेक्षा इतरांचे वागणे माणसाला अधिक पटते.

निवासांबद्दल खात्रीची माहिती देणारे साधन आपल्याकडे तयार आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वच्छता ग्रीन लीफ रेटिंग’मध्ये मैला, घनकचरा आणि सांडपाणी यांची व्यवस्था तपासून निवासांना एक, तीन किंवा पाच पाने दिली जातात. फ्रिज घेताना आपण तारे मोजतो, तशी ही पाने खोली ठरवताना भाड्याशेजारीच दिसली पाहिजेत.

यात छोटे घरगुती निवासवाले भरडले जातील, अशी शंका घेतली जाईल. उलट, मोरीचे पाणी माडांना आणि केळींना सोडणारी कोकणी घरे यातले बरेच काही आधीपासूनच करतात; त्याचे श्रेय मात्र त्यांना मिळत नाही. तपासणीसाठी आणि सेप्टिक टँकच्या दुरुस्तीसाठी शासनाने त्यांना मदत द्यावी.

सुरुवात राज्य पर्यटन विकास महामंडळाने करावी. आपल्या प्रत्येक पर्यटक निवासाची तपासणी करून घेऊन येत्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मिळालेली पाने दारावर आणि आरक्षणाच्या संकेतस्थळावर जाहीर करावीत. कमी मिळाली, तरीही.

– एक पर्यटक, ठाणे