गाळणं आपलं आणि गाळणं त्यांचं



काळेवाडी-रहाटणीच्या नव्या सोसायट्यांत खाऱ्या पाण्याच्या काचटाक्यांचं वेड आलंय. टाकीखालच्या कपाटात आणखी एक टाकी असते, तिला संप म्हणतात. (बिल्डिंगखालचा पाण्याचा संप नव्हे.) वरचं पाणी तिथं उतरतं, गाळलं जातं आणि पंपाने पुन्हा वर जातं. त्याच संपात दिवा लावून हौशी मंडळी प्रवाळाचे तुकडे वाढवतात. कटरने कापायचे, सिमेंटच्या चकतीवर गोंदाने चिकटवायचे.

"कापलं तरी मरत नाही गं, उलट एकाचे दोन होतात. यात कसली हिंसा?" हे मी आपल्याच बायकांच्या तोंडून ऐकलंय. म्हणून लिहिते.

श्रावकाच्या अहिंसाव्रताचे अतिचार पाच: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. जीव मेला नाही तरी त्याला कोंडणं आणि कापणं हे दोष आहेतच. 'जीवविचार' विद्रुमाला, म्हणजे पोवळ्याला, पृथ्वीकायात मोजतो. विज्ञान त्याला तोंड आणि स्पर्शिका असलेला प्राणी म्हणतं. वर्ग वेगळे असतील, पण तो जीव आहे यावर दोघांचं एकमत आहे.

"घरी वाढवलं की समुद्रातलं वाचतं," असंही म्हणतात. पण पहिला तुकडा आला कुठून? कुठल्यातरी समुद्रातूनच ना! आपल्या देशात दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मुंबईच्या सागरी मार्गासाठी २०२० मध्ये वरळी-हाजी अलीची प्रवाळं हलवायला पालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. मऊ प्रवाळ त्या यादीत नाहीत म्हणून त्यांना कापणं निर्दोष ठरत नाही.

आता घरातलं बघा. आपल्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं, आणि टाकीसाठी आरओचं पाणी काढताना कितीतरी पाणी मोरीत जातं. गुरुवारी वीज गेली की पंप थांबतो, प्राणवायू घटतो आणि आतले जीव गुदमरतात. आणि फ्रीजर? पर्युषणात हिरवी भाजी न आणणाऱ्या घरात, मटारच्या पिशवीशेजारी माशांसाठी गोठवलेल्या कोळंबीच्या वड्या!

पाणी गाळणं ही आपली ओळख. आपल्या आज्या दुहेरी फडक्याने पाणी गाळायच्या आणि फडक्यावरची जिवाणी अलगद त्याच विहिरीत सोडायच्या. ते गाळणं जिवांसाठी होतं. संपातलं गाळणं काच लख्ख दिसावी म्हणून असतं. त्या मोज्यात अडकलेले जीव कोण परत सोडतं?

ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांनी आहेत ते जीव शेवटपर्यंत नीट सांभाळावेत, पवनेत ओतू नयेत. पण नवा तुकडा कापू नये, विकत घेऊ नये, भेट म्हणूनही घेऊ नये. आणि मंगळासाठी बोटात पोवळं घालणाऱ्यांनी मुलांना बोलण्याआधी आपल्या अंगठीकडे एकदा पाहावं.