कुंडाचं सुशोभीकरण नंतर, आधी पाणी तपासा



मे महिना लागला की अंजनवेलीत आलेल्या मुंबईकर पाहुण्यांची एक सहल ठरलेली असते. सकाळी उन्हं चढायच्या आत गोपाळगड, मग धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ आणि पुढे उन्हवऱ्याचं गरम पाण्याचं कुंड. गंधकाच्या वासाने पोरं नाक मुरडतात. गुडघे धरलेली आजी मात्र एकदा पाण्यात बसली की उठायचं नाव घेत नाही.

अशा कुंडांचा युरोपसारखा ‘स्पा’ करा, अशी सूचना अधूनमधून कानावर येते. विकासाच्या मोठ्या गप्पा आम्ही ऐकून आहोत. युरोपातली ११ स्नाननगरं २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत इंग्लंडमधलं बाथही आहे. पण त्याच बाथमध्ये १९७८ साली गरम झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी मेंदूच्या संसर्गाने दगावली. पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत गेला होता. तिथलं रोमन कुंड आज फक्त बघायचं, उतरायचं नाही. २००६ मध्ये नवं स्नानगृह सुरू झालं, तेही बोअरचं पाणी शुद्ध करून. लांब कशाला, केरळमध्ये २०२४ साली अशाच अमीबाने मुलांचे जीव घेतले.

उन्हवऱ्याचं पाणी दूषित आहे, असं मी म्हणत नाही. झऱ्याच्या तोंडाशी ते इतकं कढत असतं की हा अमीबा तिथे तगत नाही. काळजी आहे ती कुंडाच्या टाकीत साचून कोमट होणाऱ्या पाण्याची. त्यात माणसं साबण लावतात, कपडे खळबळतात, आणि शांपूची रिकामी पाकिटं पाणी जायच्या भोकाशी अडकून बसतात.

म्हणून कमान, कारंजं, सेल्फी पॉइंट यांच्या आधी टाकी रोज रिकामी करून घासायची व्यवस्था हवी. साबणाच्या आंघोळीला बाहेर वेगळे नळ हवेत. हंगामात पाण्याची नियमित तपासणी व्हावी आणि तिचा निकाल तारखेसह फलकावर लागावा. त्याच फलकावर ठळक अक्षरांत लिहावं : गळ्यापर्यंत खुशाल बसा, डोकं बुडवू नका, मुलांना सूर मारू देऊ नका. याला वास्तुविशारद लागत नाही. एक माणूस, खराटा आणि प्रयोगशाळेत पोचणारी बाटली लागते. येत्या एप्रिलच्या आत एवढं तरी व्हावं.

– एक वाचक, अंजनवेल, ता. गुहागर, जि. रत्नागिरी