जुना सप्लायर सोडायची घाई नको: विमानवाहू जहाजाला माल पोहोचवणाऱ्यांकडून एक धडा



मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो, "नवीन सप्लायर मिळाला तरी जुन्याचं खातं बंद करू नका." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, दोन ठिकाणी माल घेतला तर टार्गेट कसं पूर्ण होणार? स्कीम कशी मिळणार?" प्रश्न रास्त आहे. दोन मिनिटांत उत्तर देता येत नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. उदाहरण जरा लांबचं आहे, अमेरिकेच्या नौदलाचं. पण शेवटपर्यंत वाचा, आपल्या दुकानापर्यंत येतं.

अमेरिकेचं मोठं विमानवाहू जहाज म्हणजे समुद्रावर तरंगणारं गावच. साधारण पाच हजार माणसं. अणुऊर्जेवर चालतं, त्यामुळे जहाजाला स्वतःला वर्षानुवर्षं इंधन भरावं लागत नाही. पण माणसांना जेवण लागतं, विमानांना इंधन लागतं, सुटे भाग लागतात, घरून आलेली पत्रं लागतात.

हा माल दोन वाटांनी येतो. धान्य, भाजीपाला, विमानांचं इंधन, दारूगोळा असा अवजड माल पुरवठा जहाजातून येतो. दोन जहाजं शेजारी-शेजारी चालत असतानाच दोर आणि नळ्या लावून तो घेतात. जे तातडीचं असतं ते विमानाने येतं: सुटे भाग, टपाल आणि माणसं. विमान मोठ्या जहाजावर उतरतं, आणि तिथून ताफ्यातल्या बाकीच्या जहाजांना हेलिकॉप्टर वाटप करतात.

या कामासाठी नौदलाने वेगळ्या स्क्वाड्रन ठेवल्या होत्या. पूर्व किनाऱ्यावर नॉरफोकला व्हीआरसी-४०, टोपणनाव 'रॉहाइड्स', स्थापना १ जुलै १९६०. पश्चिम किनाऱ्यावर सॅन दिएगोला व्हीआरसी-३०, टोपणनाव 'प्रोव्हायडर्स'. म्हणजे चक्क 'पुरवठादार'! त्यांचं विमान होतं सी-२ए ग्रेहाउंड, १९६६ मध्ये सेवेत आलेलं. साधारण साडेचार टन माल किंवा २६ प्रवासी. प्रवासी उलट्या तोंडाने बसायचे, कारण डेकवर उतरताना विमानाचा हुक तारेत अडकायचा आणि काही क्षणांत सगळं थांबायचं.

एक आकडा मला फार आवडतो. नोव्हेंबर १९८५ ते फेब्रुवारी १९८७ या काळात युरोप आणि भूमध्य समुद्राच्या भागात एका स्क्वाड्रनने अशा सात विमानांतून सुमारे ९०० टन माल पोहोचवला, आणि जवळपास तेवढंच टपाल. म्हणजे जेवढे सुटे भाग, तेवढीच पत्रं आणि पार्सलं. गिऱ्हाईक कशाची वाट बघतं ते या लोकांना बरोबर ठाऊक होतं.

आपल्याकडेही हेच आहे. माझं दुकान मिक्सर, कुकर, गिझरच्या सुट्या भागांचं. जाड माल ट्रान्सपोर्टने येतो, आठवडा लागला तरी चालतं. पण एखाद्या मेकॅनिकला उद्या सकाळी एक कपलर हवा असेल तर मी एसटी पार्सलने मागवतो. भाडं जास्त पडतं, पण गिऱ्हाईक टिकतं. ट्रान्सपोर्ट म्हणजे आपलं पुरवठा जहाज आणि एसटी पार्सल म्हणजे आपलं ग्रेहाउंड.

आता मुद्द्यावर येतो. ग्रेहाउंड जुनं झालं. नवीन एफ-३५सी लढाऊ विमानाच्या इंजिनाचा मुख्य भाग त्यात मावत नव्हता. म्हणून २०१५ मध्ये नौदलाने ठरवलं की यापुढे हे काम ऑस्प्रे करेल. ऑस्प्रे हेलिकॉप्टरसारखं उभं उडतं आणि मग पंखे वळवून विमानासारखं जातं. त्याला उतरायला तार लागत नाही, आणि ते इंजिन त्यात मावतं. २०२१ मध्ये कार्ल विन्सन या जहाजाबरोबर त्याची पहिली मोहीम झाली. ग्रेहाउंड हळूहळू निवृत्त होऊ लागलं.

२९ नोव्हेंबर २०२३ ला जपानच्या याकुशिमा बेटाजवळ अमेरिकन हवाई दलाचं एक ऑस्प्रे कोसळलं. आठ जण गेले. ६ डिसेंबरला सगळी ऑस्प्रे जमिनीवर आणली, नौदलाचीसुद्धा. ती थेट ८ मार्च २०२४ पर्यंत. तीन महिने! त्यानंतरही अट राहिली की उतरण्याजोग्या धावपट्टीपासून ३० मिनिटांपेक्षा लांब जायचं नाही. आता भर समुद्रातल्या जहाजाला माल द्यायचा, तर या अटीत काम कसं होणार?

त्या काळात काम कोणी केलं? जुन्या ग्रेहाउंडने. आणि ते का करू शकलं, हे नीट समजून घ्या. विमानं होतीच, पण ती चालवणारे वैमानिक, दुरुस्त करणारे मेकॅनिक आणि रोजचा सराव अजून शिल्लक होता. विमानं नुसती गोडाऊनमध्ये झाकून ठेवली असती तर उपयोग झाला नसता.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. चार वर्षांपूर्वी एका नवीन डिस्ट्रिब्युटरने मला ३ टक्के जास्त डिस्काउंट दिलं. ऑर्डर मोबाईलवर, बिल लगेच, सगळं झकास. माझी खरेदी महिन्याला दीड लाखाची, म्हणजे महिन्याला साडेचार हजार वाचणार. मी नऊ वर्षांच्या जुन्या व्यापाऱ्याकडून, ज्यांना आम्ही काका म्हणतो, माल घेणं एका दिवसात बंद केलं. साधा फोनही केला नाही.

तीन महिने छान गेले, साडेतेरा हजार वाचले. दिवाळीच्या तोंडावर नवीन डिस्ट्रिब्युटरकडे मालच संपला. १६ दिवस "उद्या निघतोय, उद्या निघतोय". माझी साधारण ४० हजारांची विक्री बुडाली, म्हणजे नफा दहा हजार. आता कागदावर बघितलं तर मी अजूनही साडेतीन हजारांनी फायद्यातच! पण त्या १६ दिवसांत माझे तीन कायमचे मेकॅनिक दुसऱ्या दुकानात गेले, त्यातले दोघं परत आलेच नाहीत. प्रत्येक जण महिन्याला सहा-सात हजारांचा माल न्यायचा. हा तोटा कुठल्याच बिलात दिसत नाही.

शेवटी काकांना फोन केला. ते काहीच बोलले नाहीत, माल दिला. फक्त म्हणाले, "आता रोखीनं घे बाळा." तीस दिवसांची उधारी गेली. ती परत मिळवायला मला दीड वर्ष लागलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बदल करा, पण जुन्याला चालू ठेवून करा. मी "जुनं ते सोनं" म्हणत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये रोनाल्ड रेगन जहाजाकडे जाणारं ग्रेहाउंडही फिलिपीन समुद्रात कोसळलं होतं. अकरा जणांपैकी आठ वाचले, तिघं गेले. जुन्यालाही धोका असतो आणि जुन्याची मर्यादा असते. ज्या इंजिनाला जागाच नाही ते काही प्रेमापोटी मावणार नाही. नौदलाचा बदलाचा निर्णय मला बरोबरच वाटतो.

आता टार्गेटचा प्रश्न. हो, खरेदी वाटली तर स्कीम थोडी कमी मिळते. माझं आजचं गणित असं: ८० टक्के खरेदी नवीनकडे, २० टक्के काकांकडे. यात महिन्याला सुमारे ९०० रुपये डिस्काउंट सुटतं. मी त्याला नुकसान म्हणत नाही, विम्याचा हप्ता म्हणतो.

आणि एक लक्षात ठेवा. फोनमध्ये सेव्ह केलेला नंबर म्हणजे बॅकअप नाही. ज्याच्याकडून दर महिन्याला थोडा तरी माल येतो, ज्याचं पेमेंट वेळेवर जातं, जो तुमचा आवाज ओळखतो, तोच अडचणीला उभा राहतो.

या आठवड्याचा गृहपाठ:

१. ज्यांच्यासाठी गिऱ्हाईक एक दिवससुद्धा थांबत नाही अशा २० वस्तूंची यादी करा.

२. प्रत्येक वस्तूसमोर दोन सप्लायरची नावं लिहा. दुसरं नाव सुचत नसेल तिथे लाल खूण करा.

३. दुसऱ्या सप्लायरकडून या महिन्यात एक छोटी ऑर्डर खरंच मागवा. किती दिवसांत आली ते वहीत लिहा.

४. नवीन सप्लायरने तुमचा एक पूर्ण सीझन काढल्याशिवाय जुन्याचं खातं बंद करू नका.

५. आणि कधी बंद करायचंच झालं, तर आधी फोन करा. मी केला नव्हता.

लाल खुणा किती निघाल्या ते मला नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत सप्लायरशी उधारीचं बोलणं कसं करायचं ते बघू.