पापा ब्वाच्या डोक्यावर मुकुट कशाला?

मंडळी, आजचा धागा इतिहासाचाच आहे, मात्र त्याची सुरुवात शिंप्याच्या मोजपट्टीपासून होते. बोईसरमधील काही महाविद्यालयीन मुलामुलींनी स्नेहसंमेलनासाठी त्रिनिदाद बेटावरील लोककथांवर एक छोटे नाटक बसवायला घेतले. त्यांतील निसर्गदेवतांना काय नेसवावे, हे विचारण्यासाठी ती माझ्याकडे आली.

नाटकात मुख्य पात्रे दोन. पापा ब्वा हा अरण्याचा रखवालदार: अंगभर केस, पानांची दाढी, पायाला खूर. शिकारी येताना दिसला की तो शिंग फुंकून जनावरांना सावध करतो. दुसरी मामा द्लो. कमरेवर स्त्री, कमरेखाली अजगर, आणि नदीची राखणदार. तिथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत या नावांचा अर्थ ‘रानाचे बाबा’ आणि ‘पाण्याची आई’ एवढाच आहे. (आई असून मामा कशी, यावर आमच्या बैठकीत बराच हशा पिकला.)

मुलांनी रेखाटने आणली होती. पापा ब्वाला हिरव्या मखमलीचे धोतर, सोनेरी मुकुट आणि कागदी फुलांचा हार. मामा द्लोला जरीकाठाची निळी साडी आणि चंदेरी मुकुट. रेखाटने सुबक होती. तरीही दोन्ही वेश मुळातच चुकले आहेत, असे माझे स्पष्ट मत पडले.

चूक मुलांची नव्हे. देव म्हटला की मुकुट, जरी आणि दागिने, ही प्रतिमा आपल्या डोळ्यांत इतकी मुरली आहे की ती अनादि वाटते. देवळातील उत्सवमूर्तीला राजोपचार करण्याची रीत जुनी आहे, हे खरेच. परंतु घरोघरच्या भिंतीवर एकसारख्या साडीतील लक्ष्मी-सरस्वती आल्या त्या छापखान्यामुळे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या रंगीत चित्रांनी, नंतर कॅलेंडरांनी आणि पौराणिक चित्रपटांनी देवांचा जणू गणवेशच ठरवून टाकला. सव्वाशे वर्षांच्या या सवयीला आपण परंपरा म्हणतो आणि त्रिनिदादच्या रानातील म्हाताऱ्यालाही तोच गणवेश चढवतो.

याउलट, ज्या जिल्ह्यात ही मुले राहतात तेथील निसर्गदेवता काय नेसतात?

वाघोबाकडे पाहा. पालघरच्या रानवाटांवर तो लाकडाच्या किंवा दगडाच्या उभ्या फळीवर कोरलेला भेटतो. फळीवर वाघ, वर सूर्य-चंद्र, आणि सर्वांगाला शेंदूर. वस्त्र म्हणाल तर तो शेंदूरच. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला त्याची पूजा होते, तेव्हाही कोणी त्याला अंगरखा शिवत नाही. वारल्यांच्या घरचा हिरवा देव मोरपिसांच्या जुडीत असतो. धान्याची देवता कणसरी खळ्यावरच्या धान्यात पुजली जाते. तिला वेगळे शरीर हवे असे कोणाला वाटलेले नाही. येथे देवाला पोशाख चढवलेला नसतो. देव ज्या द्रव्याचा, तेच द्रव्य त्याचे रूप.

पालघट देवीची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. वारली लग्नात सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट उभी असते, अगदी मोजक्या रेषांत. सारी श्रीमंती चौकाच्या कडांवर उधळलेली असते: एकात एक गुंतलेल्या नक्षीच्या पट्ट्या, आणि बाहेर झाडे, प्राणी, नाचणारी माणसे. मला त्या कडाच देवीचा शालू वाटतात. तिने भोवतालचे जगच पांघरले आहे. (पालघर आणि पालघट यांतील नावसाधर्म्यावरून व्युत्पत्ती सांगण्याचा मोह मी आवरतो, तुम्हीही आवरा.)

आता कोणी म्हणेल, रंगमंचावर दगडाची फळी कशी चालवणार? माणसाच्या अंगावर काही तरी घालावेच लागेल. मान्य. त्यासाठी जव्हार-मोखाड्याकडे वळावे लागते. तेथे होळीनंतर, पेरणीची घाई सुरू होण्याआधी बोहाडा रंगतो. रात्री संबळाच्या ठेक्यावर, टेंभ्यांच्या उजेडात गणपती, सरस्वती, नरसिंह, वेताळ, रावण अशी सोंगे नाचत येतात. अखेरीस जगदंबा आणि महिषासुराचे युद्ध होते. ही दैवते बहुतांशी पुराणांतली आहेत, म्हणून बोहाड्याला सरसकट ‘निसर्गपूजा’ म्हणणे बरोबर नाही. मात्र वेशभूषेचा विचार करणाऱ्याने त्यातून एक गोष्ट अवश्य उचलावी. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. चेहऱ्यापेक्षा मोठे, वजनदार, डोळ्यांची छिद्रे लहान. त्या वजनामुळे नाचणाऱ्याला आपली नेहमीची चाल सोडावी लागते. मान जपून वळते, पाऊल जड पडते, आणि त्या बदललेल्या चालीतून देव प्रकट होतो. दिवाणखान्यात टांगलेला तोच मुखवटा मला नेहमी केविलवाणा दिसतो, कारण त्याच्याखालचे पाय गेलेले असतात.

गंमत अशी की त्रिनिदादमधल्या एका कलावंताचीही वाट हीच होती. गयानात जन्मलेल्या आणि त्रिनिदादमध्ये वाढलेल्या पीटर मिन्शल याने १९७४ च्या कार्निव्हलसाठी गुंजन पक्ष्याचा वेश केला, तेव्हा पंख पाठीवर नुसते चिकटवले नाहीत; नाचणारीच्या शरीराच्या हालचालीने ते फडफडतील अशी रचना केली. १९८३ मध्ये त्याने ‘रिव्हर’ हा समूहवेश सादर केला. त्यात नदीची माणसे पांढऱ्या सुती वस्त्रांत होती. त्यांची नायिका एक धोबीण, डोक्यावर वाळत घातलेले शुभ्र कपडे मिरवणारी. खलनायक मॅनक्रॅब, म्हणजे यंत्राच्या हावेने पछाडलेला खेकडा. पहिल्या दिवशी सारे निर्मळ. दुसऱ्या दिवशी धोबीण मेलेली असते आणि त्या पांढऱ्या कपड्यांवर रंगांचे फवारे उडतात. नदी नासली हे सांगायला संवाद लागला नाही. कापडाने ते सांगितले.

हे वर्णन ऐकून मुले गप्प झाली. कारण उघड होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र म्हणून तारापूरचे नाव आले होते. रंग बदललेले नाले या मुलांना कार्निव्हलच्या चित्रफितीतून पाहावे लागत नाहीत.

मग काम नव्याने सुरू झाले. पापा ब्वाचा मुकुट गेला. तो भेटला तर त्याला अदबीने नमस्कार करावा आणि त्याच्या पायांकडे पाहू नये, असा त्रिनिदादमधला संकेत आहे. म्हणजे खूर हा दाखवण्याचा नव्हे, दडवण्याचा अवयव. म्हणून अंगावर सुकलेल्या सागाच्या पानांचा पायघोळ झगा ठरला: चालताना सळसळणारा, आणि क्वचितच एखादा खूर दिसू देणारा. मामा द्लोच्या शेपटीसाठी एका मुलीने सातपाटीहून टाकून दिलेले मासेमारीचे जाळे आणले. त्याला खारा वास येत होता. तो धुऊन काढू नका, असे मी म्हटले. पाठ करायला बसलेल्यांना ते फारसे रुचले नाही.

दोन गोष्टींना मात्र मी ठाम नकार दिला. मामा द्लोच्या मागे पालघटचा चौक रंगवावा, अशी एक सूचना होती. तो चौक लग्नविधीचा आहे, सवाशिणींच्या हातचा आहे. परक्या नदीच्या देवीमागे तो पडदा म्हणून लावणे हे कौतुक नव्हे, उसनवारी आहे. आपल्या देवतांकडून विचार करण्याची रीत घ्यावी, त्यांचा ऐवज उचलू नये. दुसरी सूचना होती ती जंगलातील माणसांना पानांचे घागरे घालण्याची. वारली बाई लुगडे नेसते. स्नेहसंमेलनांतून वर्षानुवर्षे नाचणारे ते पानांचे घागरे कोणत्या इतिहासातून आले, हे मला अजून कोणी दाखवलेले नाही. समोर बसलेल्या प्रेक्षकांत वारली घरांतली मुले असतील, एवढे जरी ध्यानात ठेवले तरी पुरे.

जाळ्याची शेपटी आता बारा हात लांब झाली आहे. तिचे शेवटचे तीन हात कोणत्या रंगात बुडवायचे, यावर तालमीत अजून भांडण चालू आहे: एका गटाला नदीचा हिरवा हवा आहे, दुसऱ्याला नाल्याचा तांबूस.