बॅकअप रोज होतो, पण रिस्टोअर करून पाहिलाय का?

घरातल्या जुन्या पीसीवर फोटोंसाठी स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या किंवा दुकानाच्या बिलिंगचा डेटाबेस स्वतःच सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, ‘बॅकअप घेता का?’ उत्तर येतं, ‘हो, रोज रात्री आपोआप होतो.’ मग विचारा, ‘शेवटचा रिस्टोअर कधी करून पाहिलात?’ इथे बहुतेक जण गप्प होतात. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे.

नेमकं काय घडलं होतं?

३१ जानेवारी २०१७. प्रोग्रामर मंडळींचा कोड सांभाळणाऱ्या ‘गिटलॅब’च्या एका इंजिनीअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचं डेटाबेस फोल्डर डिलीट केलं. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरला होता.

रोजच्या बॅकअपची फाइल शोधली, तर ती नव्हतीच. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि बॅकअप घेणारं पीजी-डम्प ९.२ चं. त्यामुळे बॅकअप फेल होत होता आणि ते कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते. अखेर सहा तास आधी एका चाचणीसाठी हाताने घेतलेली कॉपी कामी आली. लोकांचा कोड वाचला. मधल्या सहा तासांतल्या कॉमेंट्स, नवी खाती मात्र गेली. कंपनीने हे सगळं स्वतः जाहीर केलं, म्हणून आपल्याला त्यातून शिकता येतं.

तुम्ही काय कराल?

● चालू डेटाबेसचं फोल्डर नुसतं कॉपी करू नका. कॉपी होताना आत नोंदी बदलत असतात, फाइली जुळत नाहीत. पीजी-डम्प किंवा मायएसक्यूएल-डम्प वापरा.

● डम्पमध्ये फक्त डेटाबेस येतो. फोटो, अपलोड केलेल्या फाइली आणि सेटिंग्ज वेगळ्या जपा.

● एक प्रत घराबाहेर ठेवा. रेडमधल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेलं दोन्हींवरून जातं.

● तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा. लॉगिन होतं का, शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे आणि किती वेळ लागला, ते लिहून ठेवा.

‘घरच्या सर्व्हरसाठी एवढा खटाटोप?’ असं कुणी म्हणेल. पण गिटलॅबकडे रात्रभर जागणारी टीम होती. तुमच्याकडे तुम्ही एकटेच आहात. या रविवारी एक तास काढा आणि रिस्टोअर करून पाहा. फसला तरी हरकत नाही, कारण मूळ डेटा अजून जागेवर आहे.